सुभद्राआक्कांचा आराखडा

नगरपालिकेच्या सभेत विषय वाचून झाला की अध्यक्ष "मंजूर?" असं विचारायचे आणि सगळे सदस्य "मंजूर, मंजूर" म्हणत चहाच्या कपाकडे हात न्यायचे. त्या गलक्यातून एक भरदार बायकी आवाज यायचा, "म्हंजी काय हुनार?" मग कप पुन्हा खाली ठेवले जायचे. अध्यक्ष माझ्याकडे बघायचे, मी मुख्याधिकाऱ्यांकडे बघायचो आणि मुख्याधिकारी खिडकीबाहेरच्या करंजाकडे बघायचे. विषय गटाराचा असो नाहीतर पुतळ्याचा, तो मंजूर झाल्यावर गावात नेमकं काय होणार हे कळल्याशिवाय सुभद्राआक्का हात वर करत नसत. आणि बहुतेक विषय मंजूर होऊन गावात काहीच होणार नसे, त्यामुळे उत्तर देणं फार अवघड जायचं.

मी त्या काळी तिथे सभा लिपिक होतो. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं ते गाव. नाव सांगत नाही, कारण त्यातली बरीच माणसं अजून आहेत आणि त्यांना राग लवकर येतो. आक्का बायकांसाठी राखीव ठेवलेल्या वॉर्डातून निवडून आल्या होत्या. घरची कॅनॉलच्या पाण्यावरची भाजीची शेती. मेथी, कोथिंबीर, वांगी काढायची आणि रविवारच्या बाजारात स्वतः बसून विकायची. बाजारात ओरडून ओरडून त्यांचा आवाज असा झाला होता की सभागृहात माईकची गरज त्यांना कधी पडली नाही. राखीव वॉर्डातल्या बाकीच्या बायकांचे नवरे सभेला येऊन बायकोच्या शेजारी खुर्ची ओढून बसत. पहिल्या दिवशी आक्कांचे यजमान, दत्तूआबाही आले. आक्का त्यांना सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुमी हितं बसल्यावर वाफ्याला पानी कोन देनार?" दत्तूआबा जे उठले ते परत कधी पालिकेची पायरी चढले नाहीत. मला तर वाटतं, त्यांना मनातून सुटल्यासारखंच झालं असावं.

किल्लारीला भूकंप झाला त्या पहाटे आमच्याकडेही फळीवरची भांडी वाजली होती. त्यानंतर काही महिन्यांनी वरून परिपत्रक आलं की प्रत्येक नगरपालिकेने आपला आपत्कालीन आराखडा अद्ययावत करून सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्यावा. आपला असा काही आराखडा आहे, हेच कोणाला माहीत नव्हतं. शोधाशोध केल्यावर तो रेकॉर्ड रूममध्ये सापडला. युद्धाच्या काळात कधीतरी केलेला होता. शत्रूची विमाने दिसताच भोंगा वाजवावा, घरातले दिवे मालवावेत आणि जखमींना टांग्याने दवाखान्यात न्यावे, असं त्यात होतं. मी तो सभेत वाचून दाखवला. अध्यक्ष म्हणाले, "थोडी सुधारणा करून मंजूर करायला हरकत नाही."

"आवो पर टांगंवाला मेला की," आक्का म्हणाल्या. "घोडाबी ऱ्हायला न्हाय. जखमी मानूस काय घोड्याची वाट बघंल?"

सभा हसली. मग एक समिती नेमायचं ठरलं. पाणीपुरवठा, बांधकाम, दिवाबत्ती या समित्या पुरुष सदस्यांनी आधीच आपापसात वाटून घेतल्या होत्या. या समितीत काहीच नव्हतं. ना कंत्राट, ना उद्घाटन. "हे जबाबदारीचं काम आमच्या भगिनीच करू शकतात," असं म्हणून अध्यक्षांनी ती आक्कांच्या गळ्यात घातली आणि सगळ्यांनी बाकं वाजवली. आक्कांनी विचारलं, "म्हंजी काय हुनार?" अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे आता तुम्ही म्हणाल ते होणार." ते असं बोलून गेले खरे, पण आक्कांनी ते शब्दशः घेतलं.

पुढचे दोन-तीन महिने गावाला आपत्तीशिवाय दुसरा विषय उरला नाही. आक्का दुपारी शेतातलं काम उरकलं की येऊन माझ्या टेबलासमोर बसायच्या. "ल्ह्या भाऊसाहेब," म्हणायच्या. दवाखान्याच्या दारात मोटारसायकली लावायच्या नाहीत. पिठाच्या गिरणीवाल्याने आग विझवायची वाळू भरून ठेवायची. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्याने वेळ आली की तो ट्रॉलीसकट द्यायचा, आणि "डिझेल न्हाय" असं म्हणायचं नाही. हे शेवटचं वाक्य काढून टाकावं असं मी सुचवलं. आक्का म्हणाल्या, "त्येच तर म्हनत्यात सगळी. आधीच ल्हिवून ठेवा."

या कामात त्यांना एकच मनापासून साथीदार मिळाला. वाघमोडे गुरुजी. पालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, सडपातळ अंगाचे, पांढऱ्या टोपीचे गृहस्थ. त्यांच्या वाडवडलांनी मेंढरं राखली आणि गुरुजींनी मुलं राखली, असं ते स्वतःच गमतीने सांगायचे. आराखड्याचा मसुदा मी ज्यांना ज्यांना दिला त्यांपैकी तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून, ऱ्हस्वदीर्घ सुधारून परत करणारे ते एकटेच. आक्कांनी त्यांना ग्राउंडप्रमुख नेमलं.

ग्राउंड म्हणजे हायस्कूलचं मैदान. भोंगा वाजला की सगळ्या गावाने तिथे जमायचं, हा आराखड्याचा कणा. भूकंपात घरं अंगावर पडतात, तेव्हा आजूबाजूला इमारत नसलेली मोठ्यात मोठी जागा पाहिजे, हा आक्कांचा हिशोब, आणि तो बरोबर होता. मसुदा सभेपुढे आला तेव्हा याला विरोध केला तो फक्त उत्तमरावांनी. उत्तमराव मार्केट यार्डाच्या वॉर्डातले सदस्य. आक्का पूर्व म्हणाल्या की ते पश्चिम म्हणणार, हे गावाला पाठ होतं. आणि खरंच त्यांचं यार्ड पश्चिमेला, बारामतीच्या अंगाला होतं, तर हायस्कूल पूर्वेला, इंदापूरच्या अंगाला, दुधाच्या शीतकरण केंद्राच्या अलीकडे.

"लोक यार्डात जमू द्या," उत्तमराव म्हणाले. "ग्राउंड त्या दुधाच्या केंद्राला लागून हाय. तितनं कसला कसला वास येतोय. नाकाला रुमाल लावावा लागतोय."

"जीव जायची येळ आल्यावर उत्तमराव वास घेत बसनार हायेत," आक्का म्हणाल्या. "त्यांना अत्तराची बाटली द्या, तेवढं ल्हिवून घ्या भाऊसाहेब."

सभागृह इतकं हसलं की उत्तमराव लाल होऊन खाली बसले. आराखडा मंजूर झाला. इतिवृत्तात मी लिहिलं, 'साधकबाधक चर्चेअंती एकमताने मंजूर.'

पावसाळ्याच्या तोंडावर रंगीत तालीम झाली. गुरुजींनी आदल्या दिवशी मैदानावर फक्कीने रेषा मारून वॉर्डावॉर्डाच्या जागा आखल्या. गळ्यात शिट्टी घालून ते मधोमध उभे राहिले. भोंगा वाजला आणि लोक घरून ठेवणीतले कपडे घालून, मुलांना पावडर लावून आले. एक भेळवालाही आला. आराखड्यात लोकांनी वॉर्डाप्रमाणे उभं राहायचं होतं, पण ते सावलीप्रमाणे उभे राहिले. जखमी व्हायला ज्यांना नेमलं होतं ते स्ट्रेचरवर आधी कोण झोपणार यावरून भांडायला लागले. गुरुजी शिट्ट्या मारून दमले. "आक्का, लोक रेषा पाळत नाहीत हो," ते म्हणाले.

"पाळतील. सवय लागंल," आक्का म्हणाल्या, आणि मोठ्या आवाजात हजेरी घ्यायला लागल्या. निषेध म्हणून उत्तमराव आलेच नव्हते. आक्कांनी जाहीर केलं, "उत्तमराव आल्यालं न्हाईत. म्हंजी उत्तमराव ढिगाऱ्याखाली."

दुसऱ्या दिवशी उत्तमराव तावातावाने माझ्या टेबलाशी आले. पाहुण्यांचे फोन आले होते म्हणे. मी तालमीच्या अहवालात त्यांना ढिगाऱ्याखालून काढलं.

आणि मग एका थंडीतल्या रविवारी, बाजार ऐन भरात असताना, ते झालं. भूकंप नव्हे. आराखड्यात भूकंप होता, आग होती, कॅनॉल फुटणं होतं, गुरुजींच्या आग्रहाने टोळधाडसुद्धा होती. दुधाच्या केंद्रात दूध थंड करायला वापरतात त्या अमोनिया वायूची नळी फुटेल, हे मात्र कोणालाच सुचलं नव्हतं. मी आक्कांच्या पालापुढे वांगी निवडत होतो. पूर्वेकडे कापसासारखा पांढरा धूर उठलेला दिसला. कोणी म्हणालं, पाचट पेटवलंय. तेवढ्यात पालिकेच्या गच्चीवरचा भोंगा वाजायला लागला. शिपायाने आराखड्याबरहुकूम आपलं काम चोख केलं होतं. आणि वारा थंडीतला, पूर्वेचा. झुळूक आली तशी डोळ्यांत मिरचीची पूड गेल्यासारखं झालं.

आक्कांनी पदर नाकाला लावला आणि तशाच ताडकन उठल्या. भाजी ताजी राहावी म्हणून त्यावर भिजवून टाकलेली पोती त्यांनी ओढून काढली. "ह्ये तोंडावर धरा आनि वाटत चला माझ्यामागनं," मला म्हणाल्या. एवढ्या अंगाची बाई पळू शकते हे मी त्या दिवशी पाहिलं. चौकात आलो तर हायस्कूलच्या रस्त्याला माणसं लागलेली. तालमीत ज्यांना रेषेत उभं करता आलं नव्हतं, ती आता शहाण्यासारखी ग्राउंडच्या दिशेने निघाली होती. आक्का रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभ्या राहिल्या.

"ग्राउंडला न्हाय! मागं फिरा! बारामतीच्या अंगाला पळा!"

"आवो आक्का, तुमीच सांगितलं हुतं की, भोंगा वाजला की ग्राउंड!" पोराला खांद्यावर घेतलेला एकजण म्हणाला.

"मीच सांगितलं हुतं! आता मीच सांगती, न्हाय जायचं!"

"मग खरं कुठलं?"

"डोळं झोंबायल्यात ना तुझं? मग जिकडं कमी झोंबतंय तिकडं पळ!"

गर्दी वळली. काही जण धूर बघायला गच्च्यांवर चढले होते, त्यांना आक्कांनी अशा शिव्या घातल्या की त्या इथे लिहिता येणार नाहीत. गर्दीच्या पुढे उत्तमराव दिसले. आक्का ओरडल्या, "उत्तमराव, तुमच्या यार्डाचं दार उघडा!"

"आता उघडा व्हय?" उत्तमराव म्हणाले. पण बोलता बोलता ते पळतच होते, आणि दार त्यांनी स्वतःच्या हाताने उघडलं. सगळं गाव यार्डात, कांद्याच्या ढिगांमध्ये जाऊन बसलं. यार्डाच्या हौदावर बायका पदर भिजवून पोरांची तोंडं पुसत होत्या. दुपार कलता कलता वालचंदनगरहून दोघे फिटर आले आणि त्यांनी तोंडाला काहीतरी बांधून आत जाऊन वायू बंद केला. माणसं खोकत होती, डोळे सुजले होते, पण सगळी धड होती. अध्यक्ष आक्कांना म्हणाले, "आराखड्यामुळे वाचलं गाव."

आक्कांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या माणसं न्याहाळत होत्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊसाहेब, गुरुजी कुठं हायेत?"

गुरुजी ग्राउंडवर होते. भोंगा वाजल्याबरोबर ते घरून निघाले होते. त्यांचं घर हायस्कूलच्या मागच्या अंगालाच, त्यामुळे चौकातला गोंधळ त्यांना कळला नाही. आम्ही पोचलो तेव्हा ते पाण्याच्या टाकीला टेकून, धोतराचा ओला सोगा तोंडावर धरून पडले होते. गळ्यात शिट्टी तशीच होती. धाप लागली होती, डोळे उघडत नव्हते. आवाजावरून त्यांनी आक्कांना ओळखलं.

"आक्का," ते अडखळत म्हणाले, "मी थांबलो होतो. पण कोणी आलंच नाही."

आक्कांनी त्यांना मुलासारखं उचललं. उत्तमरावांच्या जीपमधून त्यांना बारामतीला दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण छाती गेली ती गेलीच.

यानंतर जे झालं ते खास आमच्या पालिकेला शोभणारं होतं. वर पाठवायच्या अहवालात 'अद्ययावत आराखड्याची प्रभावी अंमलबजावणी' असा मथळा होता आणि 'गंभीर जखमी' या रकान्यात 'निरंक'. आक्कांनी ते वाचून घेतलं आणि विचारलं, "मग गुरुजी कोन हायेत?" मुख्याधिकारी म्हणाले, की गुरुजींना दमा आधीपासूनच असेल. गुरुजी अवघं आयुष्य खणखणीत आवाजात पाढे म्हणवून घेत आले होते, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. आक्कांनी सभेत मागणी केली की आराखडा चुकला असं लिहा आणि तो बदला. अध्यक्ष हळू आवाजात समजावत म्हणाले, "आक्का, पुण्याहून मोठे साहेब येणार आहेत सत्काराला. आराखडाच चुकला म्हटल्यावर सत्कार कशाचा करायचा?"

सत्कार झाला. मंडप घातला, बँडवाले आणले. साहेबांनी आक्कांना शाल पांघरली आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. आक्का माईक बाजूला सारून म्हणाल्या, "ह्यो आराखडा मी केला, आनि त्यो चुकला. लोकास्नी जितं जमा म्हनलं तितंच वायू गेला. उत्तमरावांनी ग्राउंड नको म्हनलं हुतं. मी त्यांचं हसं केलं. आनि आमचं गुरुजी त्यापायी अंथरुनाला खिळल्यात."

मला वाटलं, आता काहीतरी होणार. साहेब उठले. त्यांचे डोळे पाणावले होते. "आज आपण काय पाहिलं?" ते म्हणाले. "एवढं यश मिळूनही श्रेय विरोधकांना देणारी, स्वतःकडे कमीपणा घेणारी ही विनम्र भगिनी!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आवो साहेब, नम्र न्हाय, चुकले म्हनती मी," आक्का ओरडल्या. टाळ्या आणखी वाढल्या. आक्का आयुष्यात कधी नम्र नव्हत्या, हे मंडपातल्या प्रत्येकाला माहीत होतं, तरी सगळे टाळ्या वाजवत होते.

शेवटी दुरुस्ती झाली ती उत्तमरावांमुळे. आक्का स्वतः त्यांच्या घरी गेल्या. काय बोलणं झालं ते दोघांनीही कधी सांगितलं नाही, पण पुढच्या सभेत ठराव उत्तमरावांनी मांडला आणि आक्कांनी अनुमोदन दिलं, हे पाहून अध्यक्षांच्या हातातला कप हिंदकळला. ग्राउंड आणि यार्ड दोन्ही जागा ठेवाव्यात आणि वाऱ्याची दिशा पाहून कुठे जायचं ते भोंग्यानंतर गाडी फिरवून सांगावं, असं ठरलं. इतिवृत्तात मुख्याधिकाऱ्यांनी 'किरकोळ दुरुस्तीसह कायम' असे शब्द घालायला लावले. आक्कांनी या खेपेला "म्हंजी काय हुनार" असं विचारलं नाही. त्यांनी मला उभं करून सबंध आराखडा मोठ्याने वाचायला लावला, आणि वाचून संपेपर्यंत शिपायाला चहा आत आणू दिला नाही.

पुढच्या निवडणुकीत त्यांच्या वॉर्डाचं आरक्षण उठलं. तिकीट कोणी दिलं नाही. सत्कारात पक्षाची अडचण केली असं वरचे म्हणाले, आणि आक्कांना विनम्र म्हणणारे त्यात पुढे होते. आक्का पूर्ववत भाजी विकायला लागल्या. शनिवारी संध्याकाळी, उद्याच्या बाजाराची भाजी काढून झाली की त्यातली थोडी बाजूला काढून त्या गुरुजींकडे जायच्या. मीही कधीकधी बरोबर असायचो. गुरुजींना वाक्य पुरं करायला दोनदा श्वास घ्यावा लागायचा. आक्का प्रत्येक वेळी काहीतरी पुटपुटत माफी मागायला जायच्या आणि गुरुजी हात वर करून थांबवायचे.

एकदा ते म्हणाले, "आक्का, चूक तुमच्या आराखड्यात होती. माझ्या वागण्यात नव्हती. मी नेमून दिलेल्या जागी होतो." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर मुख्याध्यापकाचा ताठा आला होता. आक्कांनी त्यांचा तो ताठा मोडला नाही.

गुरुजी गेले ते पुढच्या हिवाळ्यात. माझी तोवर दुसऱ्या गावी बदली झाली होती. निरोप मिळाला तसा आलो. माणसं पुष्कळ जमली होती. भाषणं झाली. शिस्तप्रिय, कर्तव्यदक्ष, सगळं बोलून झालं. ग्राउंडचं नाव कोणी काढलं नाही. आक्का बायकांच्या घोळक्यात मागे उभ्या होत्या. त्यांना बोला असं कोणी म्हटलं नाही, आणि त्याही पुढे झाल्या नाहीत.

परत जाताना त्या माझ्याबरोबर एसटी स्टँडापर्यंत आल्या. बाकावर बसल्या. पदराने तोंड पुसलं. मग समोर बघत म्हणाल्या, "भाऊसाहेब, मी समद्या गावाच्या डोक्यात त्यो आराखडा भरत बसले. घरोघर फिरले, वरडले, भांडले. सबंध गावात माझा शब्दन् शब्द ऐकनारा एकच मानूस निघाला बगा."

माझी गाडी लागली होती. कंडक्टर दार आपटून हाका मारत होता. आक्का उठल्या, बाकावरची माझी पिशवी माझ्या हातात कोंबली आणि नेहमीच्या बाजारातल्या आवाजात कंडक्टरला म्हणाल्या, "थांब की जरा, चढतंय की मानूस!" गाडी थांबली. मी चढलो. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि मेथी अजून काढायची होती.